मी सोडून आम्ही

"आम्ही साबणाच्या पावडरीच्या डब्यात लपवायचो," बायको म्हणाली आणि हसली. लिफ्टची दारं मिटत असताना म्हणाली, त्यामुळे तिचं हसू आतल्या तिन्ही आरशांत दिसलं आणि माझा चेहराही दिसला. मीही हसत होतो. वाक्य कानातून डोक्यात पोचायला जो वेळ लागतो तेवढा वेळ मी हसतच होतो. झालं होतं एवढंच की बंदरावरच्या एका दुकानातून मी रमची बाटली घेतली होती आणि क्रूझवर परत चढताना सुरक्षावाल्याने ती माझ्या पिशवीतून अलगद काढून घेतली. बाहेरची दारू केबिनमध्ये न्यायची नाही, असा नियम. बाटली त्यांच्या कुलपात राहणार, शेवटच्या दिवशी उतरताना परत मिळणार. मधे प्यावीशी वाटली तर बोटीवरची विकत घ्यायची, खोलीतून फोन करायचा. त्याने हे सगळं अतिशय गोड आवाजात सांगितलं आणि माझ्या हातात एक प्लॅस्टिकचा बिल्ला ठेवला. मागे रांग होती. रांगेतला एक टकल्या माणूस दुसरीकडे बघितल्यासारखं करत होता. साठी उलटलेल्या माणसाच्या दप्तरात मास्तरांना गोट्या सापडाव्यात तशी माझी गत झाली. बायकोला ती मजा वाटली. तुला मेल्याला लपवताही येत नाही, एवढंच तिला म्हणायचं असावं, आणि ते म्हणता म्हणता ती 'आम्ही' म्हणाली.

मी जन्मभर मुद्रितशोधक होतो. एका दैनिकात, दुपारपाळीला, म्हणजे जेवून गेलेला माणूस घरी येईपर्यंत आळी झोपलेली. लोकांना वाटतं हे ऱ्हस्व-दीर्घाचं काम. ऱ्हस्व-दीर्घ कुणीही सुधारेल. खरी चूक शब्द शुद्ध असूनही होते. एकदा एका क्लबाची जाहिरात आली होती, 'या रविवारी आम्ही सर्वजण एकत्र जेवू या.' मी 'आम्ही' खोडून 'आपण' केलं, तर क्लबाचा सेक्रेटरी भांडायला आला. मी त्याला म्हटलं, साहेब, 'आपण' म्हटलं की वाचणारा तुमच्या टेबलाशी येऊन बसतो; 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर उभा राहून खिडकीतून तुम्हाला जेवताना बघतो. सेक्रेटरी वरमला. हा किस्सा मी बायकोला त्या काळी दोनदा तरी सांगितला असेल, आणि ती शाळेत गणित शिकवणारी बाई, बोलताना शब्द वाया घालवत नाही की चुकीचा वापरत नाही. आमच्या घरात माणसं तीन. ती, मी आणि नाना, म्हणजे माझे वडील. आई माझ्या लग्नाच्या आधीच गेली होती आणि आम्हाला मूल झालं नाही. तिघांतून मी वजा झालो की उरतात दोघं, आणि लपवायचं ते तिसऱ्यापासून. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली तेव्हा मी बिल्ला खिशात टाकला आणि तिला पुढे होऊ दिलं.

लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, पायाखाली इतका जाड गालिचा की आपण चालतोय हे आपल्यालाच ऐकू येत नाही. मी तिच्या पाठीकडे बघत चाललो होतो. पाठ ओळखीची होती. सहलीसाठी घेतलेला निळा सदरा, मानेवर उन्हाने आलेला लालपणा. या पाठीला काहीतरी माहीत आहे आणि ते मला माहीत नाही, असं वाटायला लागलं की पाठ परकी दिसू लागते. नानांना जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या निवृत्तीनंतर ही सहल तिनेच हट्टाने ठरवली होती. मी नको म्हणत होतो, कारण आयुष्यात पाण्याकडे मी आंघोळीपुरतंच बघितलेलं. केबिनमध्ये शिरलो तर खोली सांभाळणाऱ्या माणसाने पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवला होता आणि त्याच्या डोळ्यांवर माझा वाचायचा चष्मा चढवला होता. बायको पुन्हा हसली. मला काही हसू आलं नाही. मी हत्तीच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, टेबलावरचं पेयांचं कार्ड उचललं आणि ते वाचत राहिलो. विचारायचं होतं ते जिभेच्या टोकावर होतं, पण विचारलं की उत्तर येतं.

"काय मागवतोयस?" तिने विचारलं.

"व्हिस्की बघतोय."

"रम सांग," ती म्हणाली. सहज म्हणाली, चहात साखर नको सांगावं तसं.

ही बाई दारू पीत नाही. लग्नाआधी, एका उपाहारगृहाच्या कोपऱ्यात, मी घाबरत घाबरत तिला सांगितलं होतं की मी कधीमधी घेतो, तेव्हा ती म्हणाली होती, घे, पण मला आग्रह करू नकोस. मी केला नाही. इतक्या वर्षांत एकदाही केला नाही, आणि या सभ्यपणाचा मला अभिमान होता. प्रेसमधल्या पार्ट्यांना ती लिंबू-सोडा घेऊन बसायची आणि बाकीच्या बायका म्हणायच्या, तुमची बरी हो साधी आहे. मी फोन केला. पलीकडच्या बाईला रमची बाटली सांगितली. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. खोली सांभाळणारा उभा होता, माझ्याच वयाचा, वाकलेल्या खांद्यांचा, ट्रेमध्ये बाटली आणि बर्फाचं भांडं. "ग्लास किती ठेवू, साहेब?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "एक." आणि त्याच क्षणी आतून तिचा आवाज आला, "दोन. आणि बर्फ परत न्या, बर्फ लागणार नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं. नवराबायकोच्या अशा प्रसंगांची त्याला सवय असावी. त्याने दोन ग्लास ठेवले, बर्फ उचलला आणि हत्ती आवडला का म्हणून विचारून गेला. ती तोवर किटली लावायला लागली होती.

रममध्ये गरम पाणी. ते मी घरात कधी पाहिलं नव्हतं, पण ती किटलीचं झाकण उघडून वाफेकडे बघत उभी होती त्यावरून कळत होतं की पाणी कितपत गरम हवं हे तिच्या हाताला ठाऊक आहे. उकळायच्या आधीच तिने बटण बंद केलं. बाटलीचं बूच फिरवलं. मग तिने ग्लास डोळ्यांच्या रेषेत उचलला, खिडकीच्या उजेडासमोर धरला, डावा डोळा मिटला आणि उजव्या डोळ्याने रमची पातळी बघितली. हे नानांचं होतं. नानांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि भिंग घासून झालं की ते असंच, डावा डोळा मिटून, उजेडासमोर धरायचे. जगात कुणालाही ते तसं धरता येईल, मान्य, पण मिटलेल्या डोळ्याबरोबर ओठाचा डावा कोपराही किंचित वर जायचा, आणि तोही आत्ता तिच्या तोंडावर वर गेला होता. माझ्या तोंडावर तो कधी गेला नाही. नानांचं नाक मला मिळालं, टक्कल मिळालं, बद्धकोष्ठ मिळालं. ती लकब मात्र सुनेला गेली.

नानांचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ यायचा तो फक्त चष्मा बसवताना. लहानपणी दर वर्षा-दोन वर्षांनी माझा नंबर वाढायचा आणि मला तो वाढावासा वाटायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत ते मला उंच स्टुलावर बसवायचे, काड्या कानांमागे सरकवायचे, थंडगार बोटांनी कानाची पाळी दाबून बघायचे, टोचतंय का विचारायचे. टोचत असलं तरी मी नाही म्हणायचो, म्हणजे वाईट वाटायला नको त्यांना. मग कानामागे फोड यायचा आणि आई ओरडायची. त्या वेळी त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास असायचा. मला वाटायचं बापांच्या श्वासाला लवंगेचाच वास असतो. मोठा झालो, प्रेसमध्ये लागलो, तिथल्या फोरमनने मला पहिल्यांदा पाजली आणि जाताना हातावर चार लवंगा ठेवल्या, घरी वडील आहेत ना, चघळ. त्या रात्री लवंगा चघळत जिना चढताना माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं. तरी मी ते लक्षात आलेलं पुन्हा विसरून गेलो. काही गोष्टी वडिलांच्या बाबतीत कळल्या तरी आपण कळून घेत नाही.

"धर," ती म्हणाली आणि ग्लास माझ्या हातात दिला. समोरच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली. बोट बंदर सोडत होती. खिडकीतून मालाच्या गोदामांच्या भिंती हळूहळू मागे सरकत होत्या आणि खोलीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर चढत होतं.

"आम्ही म्हणजे तू आणि नाना," मी म्हणालो.

"अरे बापरे," ती म्हणाली. ग्लास तोंडाजवळ नेता नेता थांबली. "मी आम्ही म्हणाले?"

"लिफ्टमध्ये."

"मग आता लपवून काय उपयोग." तिने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि उघडले. "माहितीये, मला किती वर्षं तुला सांगायचं होतं. आधी ते होते म्हणून सांगता येईना, मग ते नव्हते म्हणून."

तिने सांगितलं ते असं. लग्नानंतर काही वर्षांनी, एका संध्याकाळी वीज गेली म्हणून ती नानांच्या खोलीत मेणबत्ती शोधायला शिरली, दार न वाजवता. नाना पलंगाच्या कडेला बसले होते, मांडीवर स्टीलचा पेला. तिला बघून ते उठून उभे राहिले. सासरा सुनेसमोर उठून उभा राहिला. आणि त्यांच्या तोंडून पहिले शब्द आले ते, "याला सांगू नकोस हं." याला म्हणजे मला. ती म्हणाली, त्यांचा चेहरा असा झाला होता की तिच्या वर्गातली पोरं आठवली, कॉपी करताना सापडलेली. तिला काय बोलावं सुचेना, दार लावून बाहेर यावं तर ते रात्रभर तळमळतील. म्हणून ती म्हणाली, मलाही द्या थोडी. एवढंच. दया आली म्हणून पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं, आणि नाना इतके हसले की पेला सांडला. मग तिची शाळा सुटून स्वयंपाक होईपर्यंतचा जो वेळ असायचा, त्यात आठवड्यातून कधी एकदा, कधी दोनदा. बाटली साबणाच्या पावडरीच्या डब्यात, पावडरीत बुडवून. "कारण कपडे धुण्याकडे तू जन्मात फिरकला नाहीस," ती म्हणाली, आणि त्या स्थितीतही मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

मी हातातला ग्लास संपवला. गरम रम घशातून उतरताना छातीत पसरत जाते, चांगली असते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि हे त्यांना आधीपासून माहीत होतं. माझ्या पोटात दुखत होतं. दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून जे दुखतं ते. पण इथे दुसरा कोण, हेच मला ठरवता येईना. बायकोने माझ्यामागे दुसऱ्या पुरुषाबरोबर मजेत संध्याकाळी घालवल्या, म्हणून मी नानांवर जळावं, की माझे वडील, ज्यांनी मला चाळिशीपर्यंत 'जेवलास का' आणि 'छत्री ने' याखेरीज काही विचारलं नाही, ते तिच्यापुढे हसून पेला सांडत होते म्हणून तिच्यावर? एकाच वेळी दोघांवर जळायला माणसाला दोन पोटं लागतील. मी प्रेसमध्ये ट्यूबलाइटखाली बसून दुसऱ्यांच्या वाक्यांतले 'की' आणि 'कि' सुधारत असताना तिकडे माझ्या घरात, माझ्या माणसांची एक मैफल भरत होती. मी घरी यायचो तेव्हा खोल्या झाडलेल्या, पेले विसळलेले, नाना घोरत, ती झाकलेलं ताट घेऊन. मला वाटायचं दोघं कंटाळून झोपत असतील बिचारे. रजेच्या दिवशी मी घरात असलो की नाना बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे, माझ्याच दैनिकाचा, आणि कुठे छपाईची चूक सापडली तर बोटाने दाखवायचे. तीच आमची बोलणी.

आणि मी काय केलं होतं? मी जिन्यात बसायचो. पार्टीहून आलो की तोंडाचा वास जाईपर्यंत जिन्याच्या वळणावर बसायचो, बुटाच्या नाड्या सोडून. वडिलांसमोर पिऊन जायचं नाही. लग्न झालेला, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. एकदा, फक्त एकदा, मला वाटलं होतं की हे पुरे झालं. नाना दुकान विकून घरी बसले होते आणि दिवसभर खिडकीतून बघायचे. मी एक चांगली बाटली घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली, वाटेत वाक्यसुद्धा तयार केलं, नाना, आज आपण बसू या. 'आपण', बरं का. त्यांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, विचारलं, काय रे? मी म्हणालो, काही नाही, औषध घेतलंत का? त्यांनी घेतलं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटली मी फोरमनला देऊन टाकली. त्या वेळी, म्हणजे मी दारात उभा होतो त्या वेळी, न्हाणीघरातल्या डब्यात पावडरीखाली त्यांची बाटली असणार. असणारच. दोन भिंतींपलीकडे.

"रागावलास?" तिने विचारलं.

"नाही."

"रागावलायस. नाकपुड्या बघ. नाना म्हणायचा, याच्या नाकपुड्या वाचल्या की पुरे, तोंडाकडे बघायला नको."

म्हणायचा. मी ऐकलं. लिफ्टमधला 'आम्ही' अजून पचला नव्हता आणि त्यावर हे. नाना म्हणायचे, नाना आले, नाना बसलेत. जन्मापासून मी त्यांना अनेकवचनातच ओळखतो. आईला 'तू', देवाला 'तू', नानांना 'तुम्ही'. आणि ही म्हणते नाना म्हणायचा, जसं मला म्हणते तू म्हणायचास. तिचा 'तू' हा माझा होता. लग्नाआधी त्या उपाहारगृहातच तिने पहिल्यांदा 'तू' म्हटलं आणि मला आठवडाभर जमिनीवर पाय ठेवल्यासारखं वाटलं नव्हतं. तो 'तू' तिने घरातल्या दुसऱ्या खोलीत नेऊन वापरला. माझ्या डोक्यात त्या क्षणी एक विचार आला. तो मी इथे लिहिणार नाही, पण तो आला, आणि माझी मान तापली, आणि आल्याबरोबर मला स्वतःची शिसारी आली, तरी तो गेला नाही. खोलीत शिरलेल्या माशीसारखा भिंतीभिंतींना आपटत राहिला.

"म्हणायचा?" मी म्हणालो. आवाज मला माझा वाटला नाही.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. माशी तिलाही दिसली असावी. ती रागावली नाही. तिने माझा ग्लास घेतला, रम ओतली, पुन्हा डोळा मिटून बघितलं, पाणी घातलं आणि माझ्या हातात दिला. "तो त्यांचा नियम होता," ती म्हणाली. "पहिला घोट पोटात गेला की अहो-जाहो बंद. बाटली डब्यात परत गेली की सुरू. मला आधी जमेना. मी म्हटलं, नाना, हे काय भलतंच. तर म्हणाले, अगं, मला शेवटचं 'तू' म्हणणारी बाई स्मशानात नेऊन पोचवली. आता दुकानात तुम्ही, घरात तुम्ही, बँकेत तुम्ही. कुणीतरी मला ए म्हणा ना." ती थोडी थांबली. "पहिल्यांदा 'ए नाना' म्हटलं ना, तर रडला रे. म्हणजे रडले."

माशी गेली. तिच्या जागी जे आलं ते जास्त वाईट होतं, कारण त्यात तिचा दोष नव्हता. कुणीतरी मला ए म्हणा, असं म्हणणारा माणूस माझ्या घरात राहत होता आणि ही जाहिरात माझ्या नजरेखालून गेली नाही. मी म्हणू शकलो असतो का? नसतो म्हणू शकलो. पण विचारलं तर असतं ना कुणी. गोदामं केव्हाच मागे पडली होती. खिडकीत आता फक्त पाणी होतं, सगळीकडे सारखंच, आणि त्यावर उतरतं ऊन. बोट किंचित डुलायला लागली होती, टेबलावरच्या बाटलीतली रम एका बाजूने वर चढायची आणि परत यायची. मला एक प्रश्न विचारायचा होता आणि तोच एक प्रश्न होता. बाकीचं सगळं, डबा, लवंगा, तू आणि तुम्ही, त्याच्या भोवतीच मी घिरट्या घालत होतो. त्या संध्याकाळी, तिथे, माझं नाव निघायचं का. चांगलं नको. शिव्या दिल्या असतील तरी चालेल. मुलगा मठ्ठ आहे म्हणाले असतील, मास्तर व्हायचं सोडून दुसऱ्याच्या चुका मोजत बसला म्हणाले असतील, नातवंड दिलं नाही म्हणाले असतील. काहीतरी. बाहेर उभ्या माणसाला आतून स्वतःचं नाव ऐकू आलं तरी पुरतं.

"माझ्याबद्दल काय बोलायचे?" मी विचारलं. ग्लासात बघून विचारलं.

ती खोटं बोलू शकली असती. शिक्षिका होती, नापास पोरांच्या आईबापांशी गोड खोटं बोलायची तिला सवय होती. मी मनातल्या मनात तिला म्हणत होतो, बोल, खोटं बोल.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही?"

"तुझा विषय काढायचा नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. मी एकदा म्हटलं त्यांना, याला पण बोलवू या ना, रजेच्या दिवशी, तिघं बसू. मला वाईट वाटायचं रे, तू तिकडे काम करतोयस आणि आम्ही... तर म्हणाले, नको. म्हणाले, त्याचं नाव निघालं की मी बाप होतो. दिवसभर असतोच की. एवढा तासभर मला बाप नको राहू देऊस."

बोळातून कुणाची तरी चाकांची बॅग गेली.

"शिवाय घाबरायचे तुला," ती जरा वेळाने, हलकं करायचं म्हणून म्हणाली. "शेवटी शेवटी तर फारच. तू साखर मोजायचास, मीठ मोजायचास, पापणी न लववता औषधाच्या गोळ्या घशाखाली जाताना बघायचास. बस झालं आता, बस झालं आता, हे तुझं सारखं. मला म्हणायचे, हा माझा बाप आहे की मी याचा?"

त्याला प्रेम म्हणतात, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही, कारण त्याला काय म्हणतात हे मला आता नक्की सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी सांगितलेलं मी अक्षरशः पाळलं होतं. माझ्या हातात तेवढंच होतं. ते हसवणारं, पेला सांडवणारं खातं दुसऱ्याकडे होतं हे मला कुणी सांगितलं असतं तर मी गोळ्या मोजणं तिच्याकडे दिलं असतं आणि तिची खुर्ची घेतली असती. जळफळाटाने माणूस असे सौदे करतो, मेलेल्या माणसाच्या संध्याकाळी वाटून मागतो. मी तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जी माया होती ती माझ्यासाठी नव्हती. नाना गेले तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती. लोक म्हणाले, अशी सून मिळायला नशीब लागतं. मी पण म्हणालो होतो. आता कळत होतं की त्या दिवशी तिचा मित्र गेला होता आणि ते ती कुणालाच सांगू शकत नव्हती, मला तर मुळीच नाही. माझी समजूत घालत, माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली होती बिचारी. हे कळलं आणि तरी माझं जळणं तसूभर कमी झालं नाही.

जेवणाची वेळ झाली तशी ती उठली. तोंड धुऊन आली, केस बांधले. "चल," म्हणाली, "रिकाम्या पोटी पुरे आता."

"तू हो पुढे," मी म्हणालो. "मी येतो."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्या टकलावर हात ठेवला, उचलला आणि गेली. दार आपोआप मिटलं. खोलीत मी, पाण्यावरचा उजेड छतावर हलणारा, टॉवेलाचा हत्ती सोंड लोंबकळवून. बाटली अर्ध्यापेक्षा जास्त शिल्लक होती. तिचा ग्लास समोरच्या खुर्चीपुढे तसाच होता, तळाशी घोटभर ठेवून. मी तो विसळून आणला. किटली लावली, आणि पाणी उकळू दिलं नाही. त्या ग्लासात रम ओतली, उजेडासमोर धरली, डावा डोळा मिटला. ओठाचा कोपरा वर गेला की नाही, बघायला कुणी नव्हतं. तो ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला, माझा माझ्यापुढे ठेवला आणि पहिला घोट घेतला. पोटात गेल्याची खात्री करून घेतली. मला 'ए' म्हणणं जमणार नव्हतं, तेवढी माझी लायकी नाही. पण एखादं साधं क्रियापद जमेल, पाहुण्याला आपण म्हणतो तेच, फक्त एकवचनी. 'बसा'मधला काना तेवढा काढायचा. जीभ जड झाली होती, रमने नव्हे. मी दोनदा तोंड उघडून मिटलं. शेवटी डोळे मिटून घेतले आणि मोठ्याने म्हणालो,

"नाना, बस."

दार उघडलेलं मला ऐकू आलं नव्हतं. ती उंबऱ्यात उभी होती, शाल न्यायला परत आलेली. तिने खुर्ची पाहिली, खुर्चीपुढचा भरलेला ग्लास पाहिला, मला पाहिलं. पलंगाच्या कडेवरची शाल उचलून खांद्यावर घेतली.

"आता तरी पिऊ दे ना रे त्याला," ती म्हणाली, आणि दार ओढून गेली.

मी त्यांना बसायला सांगत होतो.